कन्याकुमारी : तीन समुद्र नेमके कुठे भेटतात?

सागरगोटा (धागाकर्ता)

कन्याकुमारीविषयीच्या बहुतेक प्रवासवर्णनांत आणि सहलीच्या माहितीपत्रकांत एक विधान ठरलेले असते. येथे अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर एकमेकांना भेटतात आणि तिन्ही पाण्यांचे रंग वेगवेगळे दिसतात, असे ते विधान. त्याला पुरावा म्हणून समाजमाध्यमांवर एक छायाचित्रही फिरत असते, ज्यात निळे पाणी आणि राखाडी पाणी यांच्यामध्ये फेसाची सरळ रेषा दिसते. ते छायाचित्र कन्याकुमारीचे नाहीच. ते अलास्काच्या आखातातले असून, हिमनद्यांनी आणलेल्या बारीक गाळाचे पाणी मोकळ्या समुद्राच्या पाण्याला भिडते तेथे ती रेषा तयार होते. तरीही मूळ प्रश्न उरतोच, आणि तो वरवर वाटतो त्यापेक्षा बराच गमतीदार आहे, म्हणून हा धागा.

प्रथम नकाशा काय म्हणतो ते पाहू. समुद्रांच्या सीमा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेने १९५३ साली ज्या सीमा प्रसिद्ध केल्या, त्यांनुसार बंगालच्या उपसागराची दक्षिण सीमा श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून, म्हणजे दोंड्रा भूशिरापासून, सुमात्राच्या उत्तरेकडील बेटापर्यंत जाते, आणि भारत-श्रीलंका यांच्यामधली त्याची हद्द रामसेतूपाशी संपते. अरबी समुद्राची पूर्व सीमा त्याच दस्तऐवजात लक्षद्वीप समुद्राला लागून आहे. हा लक्षद्वीप समुद्र कारवारजवळच्या सदाशिवगडापासून सुरू होतो, किनाऱ्याने खाली उतरतो, कन्याकुमारीला वळसा घालतो आणि पलीकडे श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. या हिशेबाने कन्याकुमारीच्या खडकांवर आपटणारे पाणी कागदोपत्री एकाच समुद्राचे आहे, आणि त्याचे नाव माहितीपत्रकातल्या तिन्ही नावांपैकी एकही नाही.

आता कोणी म्हणेल, की मग सगळा प्रचारच खोटा. मला तसे वाटत नाही. सीमारेषा माणसांनी आखलेल्या असतात, पाणी मात्र आपल्या नियमांनी वाहते, आणि ते कसे वाहते हे पाहिले तर कन्याकुमारीपाशी समुद्र खरोखरच भेटतात असे दिसते. फक्त ही भेट एका रेषेवर आणि एका क्षणी होत नाही, ती वर्षभरात पाळीपाळीने होते.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्याने पाण्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, या टोकापाशी वळतो आणि श्रीलंकेच्या दक्षिणेकडून पूर्वेला जाणाऱ्या मोठ्या प्रवाहात मिसळून बंगालच्या उपसागरात शिरतो. त्या महिन्यांत येथील पाणी अरबी समुद्राच्या बाजूचे असते. हिवाळ्यात सगळे उलटते. पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे येणारे पाणी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिमेकडे सरकते आणि केरळच्या किनाऱ्याने वर चढते. हे पाणी ओळखू येते ते रंगावरून नव्हे, खारेपणावरून. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त आणि नद्यांचे पाणी कमी, त्यामुळे तेथे किलोभर पाण्यात साधारण ३५ ते ३६ ग्रॅम क्षार असतात. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा नद्या रिकाम्या होतात, म्हणून तेथील वरच्या थराचा खारेपणा सरासरीने कमी असतो, आणि उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर तर फारच कमी. हिवाळ्यात हे सौम्य पाणी लक्षद्वीपच्या परिसरात पोहोचल्याचे मोजमापांत स्पष्ट दिसते. म्हणजे जानेवारीत या टोकापाशी उभ्या असलेल्या माणसासमोरून बंगालच्या उपसागराचे पाणी अरबी समुद्राकडे निघालेले असते आणि जुलैत अरबी समुद्राचे पाणी उलट दिशेने जात असते. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही, हा भाग वेगळा.

तिसरा समुद्र, म्हणजे हिंदी महासागर, लाटांतून भेटतो. त्याविषयी मला जेवढे लिहिता येईल त्यापेक्षा जास्त दर्यावर वावरणाऱ्या सदस्यांना लिहिता येईल, म्हणून ती बाजू मोकळी ठेवतो.


आषाढमेघ

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु एक शंका आहे. मी त्रिवेणी संगमाच्या घाटावर उभा असताना पाण्याच्या छटा निश्चितपणे वेगळ्या पाहिल्या आहेत. डाव्या हाताला हिरवट, समोर गडद निळा आणि उजवीकडे काहीसा मातकट पट्टा होता, आणि बरोबरच्या सर्वांनाच तो फरक दिसला. सीमारेषा नसेल तर हा फरक कशाचा?


सागरगोटा

@आषाढमेघ, आपण पाहिलेला फरक खरा आहे, त्याचे कारण मात्र समुद्रांच्या नावांत नाही. किनाऱ्यालगत पाण्याचा रंग खोलीवर, तळाशी वाळू आहे की खडक यावर, लाटांनी किती वाळू ढवळली आहे यावर आणि आकाशाचा कोणता भाग पाण्यात परावर्तित होतो यावर ठरतो. कन्याकुमारीच्या टोकाला हे सगळे घटक शे-दोनशे पावलांत बदलतात. पूर्वेच्या बाजूला खडकांच्या आडोशाला पाणी त्यामानाने संथ असते आणि पश्चिमेच्या बाजूला लाटा उघड्यावर फुटून वाळू वर आणतात. सकाळी ज्या बाजूला मातकट पट्टा होता, तेथे संध्याकाळी तो दिसेलच असे नाही, आणि ऋतू बदलला की छटांची जागाही बदलते. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दिवसातून दोनदा जागा बदलत नसल्यामुळे हा रंगभेद त्यांचा मानता येत नाही.

शिवाय नैर्ऋत्य मोसमी काळात या टोकाच्या आसपास खालचे थंड पाणी वर येते. ते पोषकद्रव्यांनी भरलेले असल्याने सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पाण्याला हिरवी झाक येते. उपग्रहांच्या चित्रांत हा हिरवा पट्टा उठून दिसतो.


गारगोटी

रंगांचा विषय निघालाच आहे, तर पाण्यापेक्षा वाळूकडे पाहावे असे सुचवते. कन्याकुमारीच्या स्टॉलवर लहान पुड्यांतून 'सात रंगांची वाळू' विकतात. तिची आख्यायिका अशी, की देवीचा शंकराशी ठरलेला विवाह मुहूर्त टळल्याने मोडला आणि विवाहासाठी आणलेले तांदूळ व इतर धान्य किनाऱ्यावर विखुरले जाऊन त्याची रंगीत वाळू झाली. तांदळासारखे पांढरे दाणे, मसुरीसारखे लालसर, काळे, पिवळट असे कण त्या वाळूत खरोखरच असतात, त्यामुळे आख्यायिका रचणाऱ्याचे निरीक्षण चांगले होते असे म्हणावे लागेल.

भूशास्त्राच्या भाषेत पांढरे कण मुख्यतः क्वार्ट्झचे, लाल-जांभळे गार्नेटचे, काळे इल्मेनाइटचे आणि मधासारखे पिवळे मोनाझाइटचे. त्यांच्याबरोबर झिरकॉन, रुटाइल आणि सिलिमनाइटही सापडतात. ही खनिजे आली कोठून, तर मागच्या डोंगरांतून. दक्षिण केरळ आणि कन्याकुमारी जिल्ह्यातला खडक चार्नोकाइट आणि खोंडालाइट या जातींचा आहे. जमिनीच्या पोटात फार खोल, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली हे खडक घडले, आणि त्यांच्यावर शेवटची मोठी प्रक्रिया सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी झाली. त्या काळी भारत, श्रीलंका, मादागास्कर आणि पूर्व अंटार्क्टिका गोंडवन या एकाच महाखंडात सांधले जात होते. त्याच जातीचे, त्याच वयाचे खडक आजही या चारही ठिकाणी आढळतात. आपण ज्याला भारताचे टोक म्हणतो ते एकेकाळी टोक नव्हतेच, ते एका फार मोठ्या भूमीच्या आतल्या भागात होते. पुढे गोंडवन फुटले आणि हा कडा समुद्राला उघडा पडला.

खडक झिजतो, नद्या त्याची वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात आणि पुढचे काम लाटा करतात. लाट वर येताना सगळे कण उचलते, परतताना मात्र हलके कण ओढून नेते. क्वार्ट्झची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट असते, गार्नेटची ४ च्या आसपास, इल्मेनाइटची ४.७ आणि मोनाझाइटची जवळजवळ ५. त्यामुळे जड कण मागे राहतात आणि पावसाळ्यातल्या जोरदार लाटांनंतर किनाऱ्यावर काळ्या वाळूचे थर दिसतात. अशा जागी चार बोटे खोल उभा काप घेतला तर काळा, लाल, पांढरा, पुन्हा काळा असे पातळ थर एकावर एक स्पष्ट मोजता येतात, आणि ओंजळीत घेतलेली काळी वाळू तेवढ्याच साध्या वाळूपेक्षा हाताला ठळकपणे जड लागते.

मोनाझाइटमध्ये थोरियम आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्रावणकोरहून निर्यात होणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते आढळले, आणि गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियमची मागणी असल्याने या किनाऱ्यावर वाळू उपसण्याचा उद्योग उभा राहिला. कन्याकुमारीच्या वायव्येला मणवाळकुरिची येथे सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना आजही ही खनिजे वेगळी करतो. या पट्ट्यात नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतो, हेही त्या वाळूमुळेच. पुडीतल्या चिमूटभर वाळूने घाबरण्याचे कारण नाही, पण किनाऱ्यावरून पोतेभर भरून आणावी अशीही ती वस्तू नाही.


अत्रिनंदन

गारगोटी यांचा प्रतिसाद साठवून ठेवला आहे. मूळ लेखाच्या सुराविषयी मात्र थोडे लिहावेसे वाटते.

संगम या कल्पनेला जलालेखकांच्या सीमांची गरज कधीच नव्हती. प्रयागला आपण त्रिवेणी म्हणतो आणि त्यातली सरस्वती दिसत नाही हे प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक असते. कन्याकुमारीच्या घाटावर स्नान करणारा माणूस खारेपणा मोजायला आलेला नसतो. हे तीर्थ किती जुने आहे, याचा पुरावा परदेशी लेखनात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत 'कोमारी' या भूशिराची आणि बंदराची नोंद आहे. तेथे उरलेले आयुष्य व्रतस्थ राहून घालवू इच्छिणारे पुरुष आणि स्त्रिया येतात, स्नान करतात आणि ब्रह्मचर्याने राहतात, कारण तेथे एका देवीने वास्तव्य करून स्नान केले होते असे सांगतात, असे त्यात म्हटले आहे. मिरी आणि मोत्यांच्या व्यापारासाठी आलेल्या खलाशाने लिहिलेल्या वहीत बंदराच्या सोयीपेक्षा कुमारी देवीच्या व्रताला जास्त ओळी मिळाल्या, हे मला फार बोलके वाटते.

देवीच्या नथीचीही कथा प्रसिद्ध आहे. नथीतल्या खड्यांचे तेज पूर्वेच्या दारातून समुद्रावर दिसे, त्याला दीपस्तंभ समजून गलबते खडकांवर आपटत, म्हणून ते दार बंद ठेवले, असे सांगतात. पूर्वेचे दार वर्षातले मोजके सणाचे दिवस सोडता बंद असते, ही वस्तुस्थिती आहे. कथेतल्या नथीविषयी ज्याने त्याने ठरवावे, पण त्या खडकांवर आपटण्याची खलाशांची भीती काल्पनिक नव्हती.


सागरगोटा

@अत्रिनंदन, सुराविषयी गैरसमज नसावा. तीर्थाला सीमारेषा लागत नाही हे मान्यच आहे. माझा आक्षेप भाविकांवर नसून बनावट छायाचित्रांवर आणि 'ती पाहा रेषा' म्हणून बोट दाखवणाऱ्या वाटाड्यांवर आहे. 'पेरिप्लस'चा उल्लेख मूळ लेखातच यायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे.


नाखवा

सागरगोटा यांनी लाटांची बाजू मोकळी ठेवली आहे, म्हणून लिहितो.

कन्याकुमारीपासून सरळ दक्षिणेकडे निघाले तर अंटार्क्टिकापर्यंत वाटेत मोठी भूमी लागत नाही. दक्षिण हिंदी महासागरात, तिशीच्या अक्षांशाच्या पलीकडे, मोठी वादळे झाली की त्यांच्या लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून चार-पाच दिवसांनी या किनाऱ्यावर येतात. इथे आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, आणि तरीही पाणी अचानक चढते. केरळ आणि दक्षिण तामिळनाडूचे मच्छीमार याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था आता त्याचे इशारे आगाऊ देते. मे २०२४ मध्ये याच जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर फिरायला गेलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी अशा लाटांत बुडाले, तेव्हाही समुद्र खवळल्याचा इशारा दिलेला होता. म्हणून धागा वाचून कोणी जाणार असेल तर एवढे ध्यानात ठेवावे, की तेथे समुद्राचा अंदाज आभाळ पाहून बांधू नये. घाटाची भिंत आणि खडकांचा आडोसा सोडून पोहायला उतरण्याची ती जागा नव्हे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सह्याद्रीची रांग या टोकाच्या थोडी अलीकडे संपते. मरुंदुवाळ मलै ही शेवटची टेकडी मानतात, आणि हनुमंताने नेलेल्या द्रोणागिरीचा पडलेला तुकडा म्हणून तिची कथाही आहे. तिच्या उत्तरेला आरल्वाय्मोळीची खिंड आहे. नैर्ऋत्येचा वारा डोंगरावर अडतो आणि या खिंडीतून दाबाने पूर्वेकडे सुटतो. मुप्पंदल परिसरातल्या शेकडो पवनचक्क्या त्याच वाऱ्यावर चालतात. खिंडीच्या पश्चिमेला भातशेती, नारळ आणि रबर, तर पूर्वेला काही किलोमीटरवर ताडाची झाडे आणि कोरडे माळरान, असा बदल गाडीतून जाताना अर्ध्या तासात दिसतो. जिल्ह्याला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, पण त्यांची वाटणी डोंगर करतो.

तिसरी गोष्ट माशांची. टोकाच्या दक्षिणेला वॅज बँक नावाचा उथळ समुद्राचा मोठा पट्टा आहे. मासळीच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत समृद्ध जागांपैकी तो एक आहे, आणि १९७६ च्या भारत-श्रीलंका सागरी करारात तो भारताच्या हक्काचा मानला गेला. सागरगोटा यांनी लिहिलेले थंड पाणी वर येणे आणि ही मासळी यांचा थेट संबंध आहे.

समुद्र जसा देतो तसा नेतोही. २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूत नागपट्टिणमखालोखाल सर्वाधिक माणसे कन्याकुमारी जिल्ह्यात गेली, आणि त्यांतही कोळच्चल या पश्चिमेकडे तोंड असलेल्या गावात मोठी हानी झाली. लाट पूर्वेकडून आली तरी श्रीलंकेला आणि या टोकाला वळसा घालून ती मागच्या बाजूने किनाऱ्यावर चढली. भूशिर आडोसा देते हा सामान्य अनुभव त्या दिवशी चालला नाही. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ या टोकाजवळच फार थोड्या वेळात तीव्र झाले. खोल समुद्रात गेलेल्या बोटींना इशारा मिळण्यापूर्वीच वारा येऊन भिडला आणि जिल्ह्यातले अनेक मच्छीमार परतले नाहीत. त्याच वादळात भरकटलेल्या केरळ आणि तामिळनाडूच्या डझनावारी बोटी आपल्या सिंधुदुर्गात देवगडच्या बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. कन्याकुमारीचा समुद्र कोकणाच्या समुद्राला जोडलेला आहे हे नकाशावर सगळ्यांनाच दिसते, त्या आठवड्यात ते देवगडच्या धक्क्यावर दिसले.


आषाढमेघ

नाखवा, प्रतिसाद वाचून शंका पुरती मिटली. इशारे पाहण्याची सूचना सर्वांनीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.


चांदणचकवा

एकाच जागेवरून सूर्योदय आणि सूर्यास्त, दोन्ही समुद्रात दिसतात, या दाव्याविषयी थोडे. सूर्योदयाची बाजू बहुतांश वर्षभर ठीक असते, कारण किनारा येथून ईशान्येकडे वळतो. सूर्यास्ताचे तसे नाही. पश्चिमेचा किनारा वायव्येकडे झुकलेला आहे, त्यामुळे मे-जून-जुलैत, सूर्य उत्तरेकडे सरकलेला असताना, तो जमिनीच्या बाजूला मावळतो, आणि त्यातच पावसाळी ढग. समुद्रात बुडणारा सूर्य पाहायचा असेल तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस असतो हे विसरू नये.

चैत्र पौर्णिमेला सूर्यास्त आणि चंद्रोदय एकाच वेळी दिसतात म्हणून तेथे गर्दी होते. वास्तविक कोणत्याही पौर्णिमेला, कोणत्याही गावात, सूर्य मावळण्याच्या आगेमागे चंद्र उगवतो. कन्याकुमारीचे वैशिष्ट्य एवढेच, की दोन्ही बाजूंना क्षितिज मोकळे आहे आणि चैत्रात मोसमी ढग अजून आलेले नसतात.

याच जातीची आणखी एक गोष्ट. गांधी स्मारकात, जेथे १९४८ मध्ये विसर्जनापूर्वी अस्थिकलश ठेवला होता, त्या जागेवर २ ऑक्टोबरला दुपारी छतातल्या छिद्रातून सूर्यकिरण पडतो. १९५६ च्या त्या वास्तूची ही योजना सुंदर आहे. परंतु सूर्य वर्षातून दोनदा त्याच उंचीवरून जातो, त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातही किरण तेथेच पडायला हवा. त्या दिवशी बहुधा कोणी बघायला जात नसावे!


वऱ्हाडी_पाहुणा

धाग्यात शिलास्मारकाचा उल्लेख अजून कसा नाही, याचे आश्चर्य वाटते. किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटरवरच्या ज्या खडकावर डिसेंबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद ध्यानाला बसले, त्यावर स्मारक उभे करण्याचे काम आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्यात जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी तडीस नेले. खडकाच्या मालकीवरून आणि नावावरून स्थानिक वाद होता आणि राज्य सरकारचाही प्रारंभी विरोध होता. तेव्हा रानड्यांनी दिल्लीत तळ ठोकून तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या. निधी सामान्य लोकांकडून लहान लहान रकमांनी जमवला. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

शेजारच्या खडकावरचा तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा १ जानेवारी २००० रोजी खुला झाला. या तमिळ कवीच्या तिरुक्कुरळ ग्रंथाच्या १३३ अध्यायांवरून एकूण उंची १३३ फूट ठेवली आहे, त्यांपैकी चौथरा ३८ फूट, कारण पहिल्या भागात ३८ अध्याय आहेत. पाच वर्षांनी त्सुनामी आली तेव्हा तो पुतळा जागचा हलला नाही. स्मारकाच्या खडकावर त्या दिवशी शेकडो पर्यटक अडकून पडले होते.


सागरगोटा

@वऱ्हाडी_पाहुणा, भर घातल्याबद्दल आभार. त्याला समुद्राच्या बाजूने एक पुस्ती. दोन खडकांमधले पाणी उथळ आणि खडकाळ असल्यामुळे ओहोटीला पुतळ्याकडे बोट लावणे अवघड होई आणि फेऱ्या बंद ठेवाव्या लागत. ३० डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ७७ मीटर लांबीच्या काचेच्या पुलाने ती अडचण दूर केली. स्मारकाच्या खडकापर्यंत मात्र अजूनही बोटीनेच जावे लागते, आणि समुद्र अशांत असला की तिच्या फेऱ्या थांबतात. तेव्हा परतीच्या गाडीच्या दिवशी सकाळी शिलास्मारक पाहू, असा बेत करणाऱ्यांनी एक दिवस हाताशी राखावा.


पोटकलम

हे भारताचे दक्षिण टोक नव्हे, ते ग्रेट निकोबारवरील इंदिरा पॉइंट, ६ अंश ४५ मिनिटे उत्तर. कन्याकुमारी हे मुख्य भूमीचे टोक आहे, साधारण ८ अंश ४ मिनिटे. शीर्षकात तसा दावा नाही, तरी नोंद असावी.


सागरगोटा

@पोटकलम, नोंद योग्य आहे. २००४ च्या भूकंपात इंदिरा पॉइंटची जमीन सुमारे चार मीटर खचली आणि तेथील दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला. टोके कायमची नसतात, हे गारगोटी यांनी गोंडवनाच्या संदर्भात लिहिले आहेच.


सीमाभागकर

एक राजकीय भूगोलाची बाजू राहिली आहे. १९५६ पर्यंत हे भूशिर मद्रास राज्यात नव्हते, ते त्रावणकोर-कोचीनमध्ये होते. अगस्तीश्वरम, तोवाळै, कल्कुळम आणि विळवंकोड या तमिळभाषक तालुक्यांनी नेसमणी यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा दिला, त्यात १९५४ साली गोळीबारात माणसे मेली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे तालुके मद्रासला जोडले जाऊन कन्याकुमारी जिल्हा झाला. आमच्याकडचा प्रश्न त्याच पुनर्रचनेत भिजत पडला, त्यामुळे हा इतिहास वाचताना थोडा हेवा वाटतो, एवढेच नोंदवतो. पुढे त्यावर चर्चा नको, नाही तर धागा भरकटेल.


गारगोटी

एक प्रश्न सागरगोटा यांना. हिवाळ्यातले उपसागराचे सौम्य पाणी आणि पावसाळ्यातले अरबी समुद्राचे पाणी यांतला फरक किनाऱ्यावरच्या माणसाला कोणत्याच मार्गाने जाणवणार नाही का? चवीने तरी?


सागरगोटा

@गारगोटी, चवीने नाही. या टोकापाशी दोन्ही ऋतूंतला फरक किलोमागे फार तर एक-दोन ग्रॅमचा पडतो, आणि समुद्राचे पाणी तोंडात घेऊन तेवढा भेद ओळखणे अशक्य आहे. तापमानाने मात्र कदाचित जाणवेल. जुलै-ऑगस्टमध्ये खालचे पाणी वर आलेले असताना समुद्र एप्रिलच्या तुलनेत काही अंशांनी थंड असतो, आणि घाटावर गुडघाभर पाण्यात उभे राहिले तरी तो गारवा पायांना कळतो. खारेपणा पाहायचा असेल तर समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित तरंगत्या यंत्रांची मोजमापे नाखवा यांनी उल्लेख केलेल्या हैदराबादच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. जानेवारीचा आणि जुलैचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. पहिल्यात कमी खारट पाण्याची जीभ श्रीलंकेच्या खालून लक्षद्वीपकडे आलेली असते, दुसऱ्यात अरबी समुद्राचे खारट पाणी पूर्वेकडे सरकलेले असते.